शीळ, भोंगा आणि नभोवाणी

एम. ए.च्या वर्गात मर्ढेकर शिकवायला घेतले की कविपरिचयात एक ओळ येतेच: 'आकाशवाणीत नोकरी'. विद्यार्थी ती उतरवून घेतात आणि आपण नवकवितेच्या प्रवृत्तींकडे वळतो. टपाल खात्यात किंवा महसूल खात्यात नोकरी असती तरी ती ओळ अशीच उतरवून घेतली गेली असती. गेली काही वर्षे मी स्वतः मात्र या ओळीपाशी अडखळतो आहे. बा. सी. मर्ढेकर १९३८ मध्ये ऑल इंडिया रेडिओत दाखल झाले आणि २० मार्च १९५६ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले. 'शिशिरागम' (१९३९), 'काही कविता' (१९४७) आणि 'आणखी काही कविता' (१९५१) हे तिन्ही काव्यसंग्रह, 'रात्रीचा दिवस', 'तांबडी माती' आणि 'पाणी' या तिन्ही कादंबऱ्या, शिवाय 'सौंदर्य आणि साहित्य' हा ग्रंथ, हे सारे त्या अठरा वर्षांत प्रसिद्ध झाले. मराठी कवितेचा कान ज्याने बदलला, त्याचा दिवस मायक्रोफोन, निवेदक आणि वाजंत्र्यांच्या संगतीत जात होता. ही गोष्ट आपण चरित्राच्या कोपऱ्यात ठेवून दिली आहे.

मर्ढेकर यात एकटे नव्हते. चाळिशीच्या आरंभी दिल्ली केंद्रावर मंटो, कृष्णचंदर, उपेंद्रनाथ अश्क यांच्यासारखे कथाकार होते. आणि उर्दूत मुक्त रचना रुजवणारे नून मीम राशिद आणि मीराजी हे दोघे कवीही नभोवाणीच्याच नोकरीत होते. हिंदीत अज्ञेय काही काळ तिथे होते. लंडनमध्ये लुई मॅकनीस बी.बी.सी.साठी श्राव्य नाटके लिहीत होता. आणि आमच्या नागपुरात, १९५० च्या दशकाच्या मध्यावर, केंद्राच्या वृत्तविभागात गजानन माधव मुक्तिबोध बातम्या तयार करीत होते. वेगवेगळ्या भाषांत छंदाची चौकट सैल करणारे कवी एकाच यंत्राच्या आश्रयाला आले, हा केवळ पोटापाण्याचा योगायोग म्हणता येईल. नभोवाणी हे नवे खाते होते, त्याला लिहिती माणसे हवी होती, आणि लिहित्या माणसांना पगार हवा होता. पण एवढ्याने माझे समाधान होत नाही. कारण यातून पुढचा प्रश्न उभा राहतो: नवकवितेची माणसे जर ध्वनीच्या कारखान्यातच बसली होती, तर त्या कारखान्यातून महाराष्ट्राच्या घराघरांत जे पोहोचले ते नवकवितेचे ध्वनिरूप नव्हते, ते भावगीत होते, असे का झाले?

या प्रश्नाचे उत्तर शोधायला विदर्भातूनच निघावे लागते. मराठी भावगीताच्या आरंभाची गोष्ट सांगताना ना. घ. देशपांडे यांच्या 'शीळ' या कवितेचे नाव घेतले जाते. ना. घ. बुलढाणा जिल्ह्यातील मेहकरचे. वकिली करणारे, गाव न सोडणारे, प्रसिद्धीपासून दूर राहणारे. त्यांची ही कविता जी. एन. जोशी यांनी चाल लावून गायिली आणि १९३० च्या दशकाच्या आरंभी तिची ध्वनिमुद्रिका निघाली. पुढे जोशी त्याच ग्रामोफोन कंपनीत ध्वनिमुद्रण अधिकारी झाले. आता तारखा पाहा. ध्वनिमुद्रिका तिशीच्या आरंभीची, आणि 'शीळ' हा ना. घं.चा काव्यसंग्रह प्रसिद्ध झाला १९५४ मध्ये. म्हणजे सुमारे दोन दशके ही कविता पुस्तकाशिवाय जगली. ती वाचणाऱ्यांपेक्षा ऐकणाऱ्यांची संख्या कितीतरी मोठी होती. मराठी कवितेच्या इतिहासात इतका मोठा बदल घडला आणि आपल्या कालखंडांच्या तक्त्यांत त्याला घर नाही, कारण तक्ते संग्रहांच्या प्रकाशनवर्षांवरून आखलेले असतात.

तबकडीने कवितेला प्रसिद्धी दिली तशी मापेही घालून दिली. ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटे मिळत. त्यात ध्रुवपद, दोन-तीन कडवी आणि मधले वाद्यसंगीत बसवायचे. ध्रुवपद परत परत यायला हवे, कारण चालीला परतायला जागा लागते. कडवी सारख्या बांध्याची हवीत, कारण अंतऱ्याची चाल एकच. कवितेची लांबी, तिचे पुनरावर्तन, तिची समरूपता या गोष्टी रसिकांनी ठरवण्यापूर्वी मेणाच्या आणि लाखेच्या तबकडीने ठरवल्या. नभोवाणीने पुढे हीच मापे उचलली.

पण त्याच दशकात, त्याच प्रदेशात दुसरी एक वाट निघाली होती. मूर्तिजापूरला जन्मलेले आ. रा. देशपांडे, म्हणजे कवी अनिल, मुक्तछंदाचा आग्रह धरू लागले. 'भग्नमूर्ती' हे त्यांचे मुक्तछंदातील खंडकाव्य १९४० चे. त्या काळी त्यांच्यावर जी टीका झाली तिचा सूर असा की, हे गद्यच आहे, ओळी तोडून लिहिले इतकेच. या टीकेमागचा संदर्भ लक्षात घ्यायला हवा. रविकिरण मंडळाने काव्यगायनाची प्रथा रूढ केली होती. कविता म्हणजे चालीवर म्हणायची वस्तू, अशी श्रोत्यांची सवय पक्की झालेली होती. आणि ती सवय निराधारही नव्हती. ध्वनिवर्धक नसलेल्या सभागृहात शेवटच्या रांगेपर्यंत शब्द पोहोचवायचा तर तो लांबवावा लागतो, उंच सुरात धरावा लागतो. गाणे हा दूर पोहोचण्याचाही उपाय असतो.

मायक्रोफोनने नेमकी हीच गरज संपवली. कुजबूज ऐकू येऊ लागली. कवीने शेजारी बसून बोलावे तसे बोलले तरी ते मेहकरपासून मूर्तिजापूरपर्यंत पोहोचू शकत होते. या दृष्टीने पाहिले तर मायक्रोफोनसमोरची स्वाभाविक कविता भावगीताची नव्हेच, ती अनिलांच्या मुक्तछंदाची. बोलण्याच्या ओघातले आघात, श्वासाने ठरणारी ओळ, मध्येच थांबणे: हे सारे मायक्रोफोन टिपतो आणि मोकळे सभागृह गिळून टाकते. यंत्र आणि छंद एकाच दशकात एकमेकांच्या इतके जवळ आले होते. तरीही सोयरीक जुळली ती तबकडीच्या मापाशी.

मर्ढेकरांनी नभोवाणीसाठी काय केले, हे पाहिले म्हणजे या न जुळलेल्या सोयरिकीची दुसरी बाजू दिसते. त्यांनी संगीतिका लिहिल्या: 'कर्ण' (१९४४), 'संगम' (१९४५), 'औक्षण' (१९४६) आणि 'बदकांचे गुपित' (१९४७). सालांकडे लक्ष द्यावे. 'काही कविता' ज्या वर्षांत घडत होती, त्याच वर्षांत हा माणूस दरसाल एक संगीतिका लिहीत होता. संगीतिका म्हणजे संगीत नाटक नव्हे. संगीत नाटकात गद्य संवाद चालतात, नट दिसतो, पद आले की 'वन्समोअर' मिळतो. संगीतिकेत सारा व्यवहार पद्यातून आणि सुरातून. आणि ती नभोवाणीवरची असल्यास रंगमंचही नाही, चेहराही नाही, वेषभूषाही नाही. पात्र आत आले हे आवाजानेच कळले पाहिजे. मुंबई केंद्रावर असल्या प्रयोगाला थोडी पूर्वपीठिकाही होती. नाझींच्या छळामुळे युरोप सोडावे लागलेला वॉल्टर कॉफमन हा संगीतकार १९३७ पासून तिथे पाश्चात्त्य संगीताचा प्रमुख होता. पहाटेची जी सुरावट ऐकून आपल्या दोन-तीन पिढ्या उठल्या, तिचे श्रेय त्यालाच दिले जाते. आणि 'अनसूया' नावाची संगीतिका त्याने याच केंद्रासाठी केली होती.

इथे मर्ढेकरांच्या विचारातली एक अडचण पुढे येते. सौंदर्यशास्त्रज्ञ मर्ढेकर प्रत्येक कलेचे माध्यम शोधतात. संगीताचे माध्यम स्वर, चित्राचे रंग आणि रेषा. मग साहित्याचे कोणते? शब्दाचा नाद, असे उत्तर ते देत नाहीत. साहित्याचे द्रव्य म्हणजे शब्दांचा भावनात्मक अर्थ, अशी त्यांची भूमिका आहे. संवाद, विरोध आणि समतोल या लयतत्त्वांनी जी घटना बांधायची, ती या अर्थांची. नाद हा त्यात गौण. नाद हेच ज्याच्या उपजीविकेचे साधन, त्या माणसाने साहित्याच्या व्याख्येतून नादाला बाहेरच्या ओसरीवर बसवावे, हे मला फार काळ विसंगत वाटत होते. आता वाटत नाही. रोज स्टुडिओत बसणाऱ्याला नादाची सहज मोहिनी किती स्वस्त असते, हे आपल्यापेक्षा अधिक कळत असणार. सतारीचा एक तुकडा मागे वाजवला की कोणतेही वाक्य काव्यमय वाटू लागते. आजही आपल्याकडच्या कितीतरी काव्यवाचनांत हेच चालते. मर्ढेकरांचा अर्थाचा आग्रह हा मला नभोवाणीतल्या माणसाने नभोवाणीविरुद्ध घेतलेला पवित्रा वाटतो.

आणि गंमत अशी की, त्यांच्या संगीतिकांपेक्षा त्यांच्या छापील कवितेतच नभोवाणी अधिक ऐकू येते. 'काही कविता' पुन्हा उघडून पाहावी आणि डोळे बाजूला ठेवून ऐकावी. संतांच्या अभंगाची आणि ओवीची लय चालू असते, आणि तिच्यात एकाएकी यंत्राचा, कारखान्याचा, रस्त्याचा शब्द घुसतो. इंग्रजी शब्दाला मराठी क्रियापदाचा प्रत्यय लागतो. कंसात भलताच आवाज बोलून जातो. एका स्वराचे दुसऱ्या स्वराला काही देणेघेणे नसते. पण दोन्ही एकाच ओळीत वाजतात. काटा फिरवताना भजनाच्या केंद्रावरून बाजारभावाच्या केंद्रावर जावे, मध्ये नुसती खरखर लागावी, असा हा अनुभव आहे. मर्ढेकरांनी हे जाणीवपूर्वक नभोवाणीवरून उचलले असे माझे म्हणणे नाही. एलियटच्या वाचनातूनही हे येऊ शकते, आणि ज्ञानेश्वर-तुकाराम कानात बसलेले असले की त्यांच्या लयीला आजचा शब्द धक्का देणारच. पण ज्याचा दिवसभराचा व्यवसायच एका आवाजामागून दुसरा आवाज लावण्याचा, त्याच्या रचनेत हे जोडकाम यावे, यात अस्वाभाविक काय?

एक तारीख इथे नोंदवण्याजोगी आहे. ५ ऑक्टोबर १९४८ रोजी पॅरिसच्या नभोवाणीवरून पिएर शेफेर याने गोंगाटाचा कार्यक्रम सादर केला. आगगाडीच्या यार्डात टिपलेले इंजिनांचे, डब्यांचे आवाज कापून, जोडून, फिरवून त्याने त्यांतून रचना केल्या होत्या. ध्वनिकलेच्या इतिहासात हा प्रारंभबिंदू मानतात. शेफेरही नभोवाणीचाच नोकर. त्याला स्टुडिओ, तबकड्या आणि मोकळीक मिळाली. मर्ढेकरांच्या वाट्याला त्याच १९४८ मध्ये मुंबई सरकारचा खटला आला. 'काही कविता' अश्लील ठरवावी म्हणून चाललेला तो खटला १९५२ मध्ये ते निर्दोष सुटेपर्यंत लांबला. सरकारी नभोवाणीचा अधिकारी सरकारच्याच फिर्यादीत आरोपी! अशा माणसाने सरकारी ध्वनिक्षेपकावर आणखी कोणते प्रयोग करायचे होते?

त्याच १९४८ च्या १६ जुलैला नागपूर केंद्र सुरू झाले. आजच्या वाचकाला हे सांगावे लागते की नागपूर तेव्हा मध्यप्रांत-वऱ्हाडची राजधानी होते. राजधानी दुभाषी, म्हणून केंद्रही दुभाषी. एका कार्यक्रमानंतर दुसरा लागला की भाषा बदलायची. सिव्हिल लाइन्समधल्या त्या केंद्रावर मराठी आणि हिंदी लेखकांची जा-ये एकाच दारातून होत असे. आपल्या साहित्येतिहासांनी मात्र या दोन्ही भाषांना दोन वेगळी दारे करून दिली. मुक्तिबोधांचेच पाहा. घरची भाषा मराठी. थोरले गजानन हिंदीत लिहिणारे, धाकटे शरच्चंद्र मराठीत. 'नवी मळवाट' (१९४९) आणि 'यात्रिक' (१९५७) या शरच्चंद्रांच्या संग्रहांवर आम्ही मराठीवाले लिहितो, आणि 'चाँद का मुँह टेढ़ा है' शेजारच्या खोलीत हिंदीवाले शिकवतात. दोन्ही खोल्यांच्या मध्ये भिंत आहे; नागपूर केंद्राच्या स्टुडिओत ती नव्हती.

बातमी लिहिणे ही कवीला कशी तालीम देते, याचा विचार मराठीत फारसा झालेला नाही. नभोवाणीची बातमी डोळ्यांसाठी नसते. निवेदकाला एका श्वासात म्हणता येईल इतकेच वाक्य लांब हवे. ऐकणाऱ्याला मागे जाऊन पुन्हा वाचता येत नाही, म्हणून महत्त्वाचे नाम पुन्हा उच्चारावे लागते. मुक्तिबोधांच्या दीर्घ कवितांचे वाचन ज्यांनी मोठ्याने केले असेल, त्यांना तिथली श्वासाची मोजणी जाणवली असेल: आखूड ओळ, आखूड ओळ, मग एकदम धावणारी लांब ओळ, आणि एकाच शब्दाचा पुन्हा पुन्हा ठोका. 'अँधेरे में' ही कविता तर कानाचीच आहे. अंधाऱ्या खोल्यांत कुणीतरी चालते आहे. ते दिसत नाही, पावले ऐकू येतात. दाराची कडी वाजते. मध्यरात्री रस्त्यावरून बँड लावून मिरवणूक जाते, आणि तिच्यात शहरातली प्रतिष्ठित माणसे आहेत. पाहणारा लपून पाहतो, पण आधी त्याने ऐकलेले असते. नाट्यशास्त्राच्या भाषेत बोलायचे तर ही श्रुतिकेची रचना आहे: अदृश्य पात्र, ध्वनीने उघडणारा प्रवेश, मधूनमधून निवेदक. हिंदीत धर्मवीर भारतींचे 'अंधा युग' १९५४ च्या सुमारास अलाहाबाद केंद्रावरून नभोनाट्य म्हणून ऐकले गेले आणि मग रंगभूमीवर गेले, हे सर्वश्रुत आहे. 'अँधेरे में' कवीच्या मृत्यूच्या सुमारास, १९६४ मध्ये, छापील अक्षरांत प्रकट झाली. तिची श्रुतिका आपण मनातच करायची.

मुक्तिबोधांचे नागपूर म्हणजे जुन्या शुक्रवारीचे नागपूर. जवळच शुक्रवारी तलाव आणि एम्प्रेस मिल. १ जानेवारी १८७७ पासून या गिरणीने शहराची वेळ राखली. पाळीचा भोंगा झाला की घड्याळ नसलेली घरेही उठत. ना. घं.ची रानातली शीळ आणि गिरणीचा भोंगा, हे विदर्भातल्या कवितेचे दोन नाद म्हणावेत. पहिल्याला चाल लागली. दुसऱ्याला चाल लागत नाही. तो एकाच सुरात सुरू होतो आणि त्याच सुरात संपतो.

चाल लावण्याचा आग्रह पुढे धोरणच झाला. १९५२ मध्ये बा. वि. केसकर माहिती व नभोवाणी मंत्री झाले आणि १९६२ पर्यंत त्या पदावर राहिले. चित्रपटगीतांना त्यांनी जो आवर घातला, त्यामुळे श्रोते रेडिओ सिलोनकडे गेले, ही कथा सर्वांना माहीत आहे. तिचा उत्तरार्ध साहित्याच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा. चित्रपटगीत काढून टाकले तर त्या जागी काय वाजवायचे? उत्तर निघाले, सुगम संगीत. केंद्राकेंद्रावर त्याचे विभाग झाले, संगीतकार नेमले गेले, वाद्यवृंद बसवले गेले; आणि या यंत्रणेला दर आठवड्याला शब्द लागू लागले. ते शब्द कवींनी पुरवले. नभोवाणीने कवीला मान दिला, बिदागी दिली आणि एक साचाही दिला: ध्रुवपद, तीन कडवी, गाता येतील असे स्वरान्त. मुक्तछंदाला या साच्यात जागा नव्हती. ती नाकारलीही गेली नाही. तिच्यासाठी संगीतकार नव्हता, वाद्यवृंद नव्हता, वेळापत्रकात चौकोन नव्हता, इतकेच. काव्यवाचनाचा चौकोन होता, पण तिथे कवी एकटा, कागदासह.

या यंत्रणेचे सर्वोच्च शिखर म्हणजे 'गीतरामायण'. पुणे केंद्र १९५३ मध्ये सुरू झालेले. सीताकांत लाड यांची कल्पना, ग. दि. माडगूळकरांचे शब्द, सुधीर फडक्यांचे स्वर. १ एप्रिल १९५५, रामनवमीपासून आठवड्याला एक याप्रमाणे छप्पन गीते १९ एप्रिल १९५६ पर्यंत गेली. लोकांनी रेडिओला हार घातले, उदबत्त्या लावल्या. नवकवितेच्या अभ्यासकांना 'गीतरामायणा'विषयी बोलताना थोडे नाक मुरडायची सवय असते. मला ती पटत नाही. एक दीर्घ आख्यानकाव्य वर्षभर, हप्त्याहप्त्याने, केवळ कानासाठी लिहिणे, आणि गीते वेगवेगळ्या पात्रांच्या तोंडी देऊन निवेदनाचा कोन बदलत नेणे, हा माध्यमाचा विचार करून केलेला प्रयोगच होता. कीर्तनाची परंपरा असलेल्या समाजाला त्याने त्याचीच सवय नव्या यंत्रातून परत दिली. माझी तक्रार 'गीतरामायणा'शी नाही. त्याच्या यशानंतर नभोवाणीवरची कविता म्हणजे हेच, असे सर्वांना वाटू लागले, त्याच्याशी आहे.

मर्ढेकर वारले तेव्हा 'गीतरामायणा'चे शेवटचे काही आठवडे चालू होते. त्याच वर्षाच्या जानेवारीत आकाशवाणीचे सर्वभाषा कविसंमेलन सुरू झाले; भारतीय कवी आपल्या आवाजात चालीवाचून कविता म्हणू लागले, पण वर्षातून एकदा, प्रजासत्ताक दिनाच्या आदल्या रात्री. आणि १ नोव्हेंबरला राज्यपुनर्रचना झाली. राजधानी भोपाळला गेली, विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आला. मुक्तिबोधांनी त्याच वर्षी आकाशवाणी सोडली, 'नया खून' या नागपुरातल्या साप्ताहिकाचे संपादन हाती घेतले आणि १९५८ मध्ये राजनांदगावच्या महाविद्यालयात गेले. एका वर्षात इतके घडले. नागपूरची राजधानी गेली हे आम्ही अजूनही उगाळतो. दोन भाषांच्या कवींना एकत्र बसवणारी एक खोलीही तेव्हाच गेली, याचे दुःख कुणी केल्याचे मला आठवत नाही.

यानंतर नादाचे प्रयोग थांबले नाहीत, पण ते नभोवाणीबाहेर झाले. विंदा करंदीकरांची 'तालचित्रे' हे त्याचे उत्तम उदाहरण. तालाची अंगे शब्दांतून उभी करणाऱ्या या रचना अर्थापेक्षा आघातावर चालतात. युरोपात ज्याला ध्वनिकाव्य म्हणतात, त्याच्या सर्वांत जवळ मराठी कविता इथे आली. विंदा, पाडगावकर आणि बापट यांनी गावोगाव केलेल्या वाचनांनी चालीवाचून कविता ऐकण्याची सवय हजारो श्रोत्यांना लावली. तिघांपैकी पाडगावकर आकाशवाणीत होते. म्हणजे तिथला मायक्रोफोनचा संस्कार गावच्या सभागृहात आला असे म्हणावे काय? मला तसे म्हणावेसे वाटते. आंबेडकरी जलसा आणि भीमगीते तर नादाची एक वेगळीच, फार मोठी परंपरा आहे. नागपुरात राहून तिच्याविषयी एका वाक्यात लिहिणे संकोचाचे आहे. तिला स्वतंत्र लेख हवा. आणि आमचे दोन कवी, सुरेश भट आणि ग्रेस. भटांची गझल मुळात म्हणण्यासाठीच, त्यामुळे ती गायली जाण्यात तिचे काही गेले नाही. ग्रेसांचे तसे नाही. 'संध्याकाळच्या कविता' (१९६७) पासून त्यांच्या शब्दांत जो नाद आहे तो अर्थाला धूसर करत नेणारा. मर्ढेकरांच्या सिद्धान्ताला ही कविता सरळ छेद देते. हृदयनाथ मंगेशकरांनी लावलेल्या चालींनी ती सर्वदूर गेली, पण चालीने तिच्यातला धूसरपणा स्वच्छ करून टाकला. ज्यांनी ग्रेसांना प्रत्यक्ष बोलताना ऐकले आहे त्यांना हा फरक समजावून सांगावा लागणार नाही. वाक्य कुठे संपणार हे त्यांच्या ऐकणाऱ्याला शेवटपर्यंत कळत नसे.

मर्ढेकरांच्या संगीतिका 'नटश्रेष्ठ आणि चार संगीतिका' या नावाने १९६५ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर नऊ वर्षांनी, एकत्र प्रसिद्ध झाल्या. ते पुस्तक हातात घेतले की विचित्र वाटते. चाळिशीच्या दशकातले बहुतेक प्रसारण थेट होई. आवाज हवेत गेला की गेला. उरली ती संहिता, म्हणजे अंगातून निघालेला अंगरखा. समीक्षकांनी ती वाचली, कवितेच्या तुलनेत दुय्यम ठरवली आणि बाजूला ठेवली. कदाचित ती दुय्यम असेलही. पण वाचून ठरवलेला हा निर्णय आहे, आणि ती वाचण्यासाठी लिहिलेली नव्हती.

गेल्या वर्षी मे महिन्यात आम्ही काही विद्यार्थ्यांसह एक साधा उपक्रम केला. मराठी आणि हिंदी विभागांतली दहा-बारा मुले, एक रिकामा वर्ग, आणि ध्वनिमुद्रणासाठी भ्रमणध्वनी. मर्ढेकरांच्या दोन कविता आणि 'अँधेरे में'चा आरंभ, चाल नाही, मागे सतार नाही. पहिल्या खेपेला सगळ्यांचेच आवाज रडवेले झाले. कविता म्हणजे हळवे व्हायचे, हे शाळेपासून शिकलेले. तिसऱ्या-चौथ्या खेपेला एका विद्यार्थिनीने मुक्तिबोध बातमीसारखे वाचले, सपाट, घाईने, आणि वर्ग शांत झाला. 'एम्प्रेस मिलचा भोंगा' असा शब्द बोलण्यात आला तेव्हा त्यांना वाटले मी ध्वनिवर्धकाविषयी बोलतो आहे. गिरणी २००२ मध्ये बंद झाली. ही मुले त्यानंतर जन्मलेली.

घरी येऊन ध्वनिमुद्रण ऐकले तर मागे सतत एक घरघर होती. वर्गातला कूलर. नागपूरच्या मेमध्ये तो बंद करणे शक्यच नव्हते. हिंदी विभागातल्या एका मुलाने संगणकावर ती घरघर काढून टाकता येईल असे सांगितले आणि काढूनही दाखवली. दोन्ही प्रती आम्ही लागोपाठ ऐकल्या, आणि मुलांनी घरघर असलेली प्रत ठेवून घेतली.